मीटरवाल्यांची न्याहारी

टेलरबाईंचं मनगट मोडलं ते बटणांच्या डब्यापायी. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एका गिऱ्हाइकाला कोटासाठी तपकिरी बटणं हवी होती, डबा वरच्या फळीवर होता, आणि स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे बाईंना वीस वर्षं माहीत होतं. तरी चढल्या. डबा हाती आला आणि स्टूल गेलं. बटणं खोलीभर उधळली, गिऱ्हाईक किंचाळलं, आणि बाई उजव्या हातावर अशा आपटल्या की हाड मोडल्याचा कडकन आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

डॉक्टरीणबाईंनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि वर खडसावलंही.

"सकाळी काय खाता?"

"चहा."

"आणि?"

"दोन बिस्किटं. कधी तीन."

"म्हणून हाडं खडूसारखी झालीत. सकाळी पोटात धान्य गेलं पाहिजे, कडधान्य, अंडं, दूध. बाजार उठवून आणायची गरज नाही. घरातल्या डब्यांत असतं त्यातूनच करा."

करा म्हणायला काय जातं! करणार कोण? उजवा हात गळ्यात बांधलेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, आणि नवरा? नवऱ्याचं नाव काढलं की टेलरबाई हसायच्या. एकतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पाणी हवं असलं तरी दारात उभं राहून मागायचे. जेवून उठले की ताट घेऊन मागच्या नळावर जायचे, लख्ख घासायचे आणि दाराबाहेरूनच आत सरकवायचे. सगळी गल्ली त्यांना मीटरवाले म्हणायची, कारण निवृत्त होईपर्यंत त्यांनी घरोघर फिरून विजेची मीटरं वाचली होती, तीही पायी. सायकलवर बसायचे नाहीत, की कुणाच्या गाडीवर. "ह्यांना हजार घरांचे मीटर कुठे आहेत ते पाठ," बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, "पण स्वतःच्या घरातला मिठाचा डबा कुठे असतो ते विचारा!" गिऱ्हाइकं हसायची. मीटरवाले पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत असले, तर तेही मान खाली घालून हसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना जाग आली ती वासाने. काहीतरी कोरडं भाजलं जात होतं, मंद आचेवर, करपू न देता. शेजारचा वास असेल म्हणून त्या कूस बदलणार, तोच सुरी चालल्याचा आवाज आला. खटखटखट, एका लयीत, मध्ये न थांबता. आवाज त्यांच्याच घरातून येत होता.

त्या उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच खिळल्या.

मीटरवाले ओट्यापाशी उभे होते. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. फडताळाचे सगळे डबे उघडून बघितलेले दिसत होते, आणि त्यात होतं तरी काय? मुलीने मागच्या खेपेला आणलेलं, बाईंनी न फोडलेलं ओट्सचं पाकीट, मूठभर शेंगदाणे, दूध पावडर, थोडे हरभरे, कणीक, टोपलीत दोन कांदे, एक लिंबू, दोन केळी, एक मऊ पडलेलं गाजर आणि तीन अंडी. कांदा ते चिरत होते, पण नजर कांद्यावर नव्हती, पातेल्यावर होती. पातं बोटांच्या अगदी कडेने जात होतं आणि कांदा भुगा होऊन पडत होता. भाजलेले शेंगदाणे त्यांनी वाटीच्या बुडाने ओट्यावरच रगडले. पाणी उकळलं तसे ओट्स घातले. एका हाताने अंडं पातेल्याच्या काठावर आपटलं, त्याच हाताच्या बोटांनी उघडलं, दुसरं तसंच. मीठ चमच्याने नाही, तळहातावर घेऊन एका झटक्यात टाकलं. डावाची मागची बाजू मनगटाला टेकवून तिथूनच जिभेने चव घेतली.

टेलरबाईंनी आयुष्यभर हातांची कामं बघितली होती. कात्री धरायला शिकणारा हात कुठला आणि वीस कोट बेतलेला हात कुठला, हे त्यांना बोटांवरून कळायचं. हे हात शिकाऊ नव्हते.

तेवढ्यात मीटरवाल्यांनी डाव पातेल्याच्या काठावर दोनदा ठोकला आणि पाठमोरेच, ओळखीच्या नसलेल्या कोरड्या आवाजात म्हणाले, "ताट पुढे. चला, पुढचा."

आणि वळले. दारात बायको दिसताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बस. गरम आहे तोवर खा."

बाई बसल्या. डाव्या हाताने चमचा धरून खाल्लं. चव उत्तम होती. कांद्याची गोडी, शेंगदाण्याचा कूट, अंड्याचे मऊ धागे, वर मिरपूड. ती चव लागली तशा त्या आणखीच चक्रावल्या. पहिल्यांदा पातेलं हातात घेणाऱ्याला हे जमत नाही. त्यांना स्वतःला लग्नानंतर चार वर्षं जमलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी भिजवून उकडलेले हरभरे आले, त्यावर लिंबू आणि बारीक कांदा. तिसऱ्या सकाळी काळी पडलेली दोन केळी कुस्करून त्यात कणीक आणि अंडं, तव्यावर तेलाचा नुसता हात फिरवून भाजलेल्या जाडसर चकत्या. फडताळात नवीन काही आलं नव्हतं. जे होतं त्यातूनच रोज वेगळं निघत होतं, काही वाया जात नव्हतं, आणि सात वाजता म्हणजे सातला ताट समोर येत होतं. मीटरवाले मात्र स्वतः उभ्याने खायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत.

मुलीचा फोन आला तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. मुलगी आधी विश्वासच ठेवेना, मग खोखो हसत सुटली. "आई, एवढा सराव कुठे केला त्यांनी? बाबांचं दुसरं घरबिर आहे की काय?"

बाईही हसल्या. फोन ठेवला आणि हसू तोंडावरच राहिलं. रोज सकाळी सहाला घराबाहेर पडणारा माणूस. हजार घरांची दारं. अठ्ठावीस वर्षं. आपण कधी विचारलं की हे पहिल्या घरी किती वाजता पोचतात? त्या शिवणयंत्रापुढे बसल्या, उगाच चाक फिरवलं आणि बंद केलं. लाज वाटली. पण विचार काही जाईना.

दुपारी त्यांनी सरळ विचारलं. "अहो, स्वयंपाक कुणी शिकवला तुम्हाला?"

मीटरवाले खिडकीशी शर्टाची कॉलर उसवून देत होते. बायकोचा हात बंद म्हणून तेवढी कामं त्यांनी घेतली होती. त्यांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत राग नव्हता, चोरटेपणाही नव्हता. होतं ते आश्चर्य.

"तुला माहीत आहे की," ते हळू म्हणाले. "आता कशाला ते?"

माहीत आहे? काय माहीत आहे?

दुसऱ्या दिवशी त्या गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत बस पकडून नणंदेकडे गेल्या. नणंद मीटरवाल्यांहून आठ वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून एकटी राहायची, गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडायची नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती शेंगा सोलत बसली होती.

"अगं, अशा हाताने कशाला आलीस? मीच आले असते रांगत."

"ताई, एक विचारायचंय. हे स्वयंपाक कुठे शिकले?"

नणंदेच्या हातातली शेंग तशीच राहिली. "का? त्याने काही केलं का?"

"रोज न्याहारी करतायत माझ्यासाठी."

"तो चुलीपाशी उभा राहिला?" नणंदेचे डोळे एकदम भरून आले. "आपणहून?"

"ताई, मी काय विचारतेय?"

"म्हणजे काय? तिथेच शिकला ना. तुरुंगात. दुसरीकडे कुठे शिकणार?"

टेलरबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नणंद त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्याही चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"अगं, तुला माहीत आहे ना? आईने लग्नाआधी सांगितलं होतं ना तुला?"

"काय सांगितलं होतं?"

"देवा रे," नणंद म्हणाली आणि तिने शेंगांचा कागद दूर सारला.

मग तिने सांगितलं. मीटरवाले बावीस वर्षांचे असताना दुधाची गाडी चालवायचे. पहाटे चारला निघायचे, दुकानांना दूध पोचवायचे. एका सकाळी, फेरी संपता संपता, गाडी चालवताना डोळा लागला. निमिषभरच. एका बागेत कामाला जाणारा म्हातारा माळी रस्त्याच्या कडेने चालला होता. जागच्या जागी गेला. मीटरवाल्यांनी कोर्टात स्वतः उभं राहून सांगितलं, मी झोपलो होतो. दोन वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातली दोन वर्षं तुरुंगाच्या मुदपाकात, चुलीपाशी, पावणेतीनशे माणसांची सकाळची न्याहारी.

"सुटून आला त्यानंतर पहिल्याच सकाळी तो घरच्या स्वयंपाकघरात शिरला," नणंद म्हणाली. "आम्ही उठायच्या आत सगळं करून ठेवलं बिचाऱ्याने. आणि वाढताना म्हणाला, ताट पुढे. त्याच्या ध्यानातही आलं नाही. आई जी रडायला लागली! त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाली, हे घर आहे, इथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. त्याने ते मनावर घेतलं. तुझं लग्न ठरलं तेव्हा आई आम्हाला म्हणाली, मी मुलीला सगळं सांगितलंय, तिने बरं म्हटलंय, आता हा विषय कायमचा बंद. आम्हाला वाटलं, काय मोठ्या मनाची आहे ही!"

टेलरबाईंना तो प्रसंग आठवला. लग्नाच्या चार दिवस आधी सासूबाई आल्या होत्या. तासभर इकडचं तिकडचं बोलल्या, आणि निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तो स्वयंपाकघरात येत नाही. त्यावरून त्याला कधी बोलू नकोस. कारणही विचारू नकोस." तेवीस वर्षांच्या बाईंना वाटलं, पुरुषी ऐट. त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

एवढंच. त्या एका "बरं"वर सासूबाईंनी सगळं उरकलं होतं. त्यांना जाऊनही एकोणीस वर्षं झाली होती. भांडायचं कुणाशी?

परत येताना बाई थांब्यावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन बसगाड्या गेल्या. तुरुंग हा शब्द त्यांनी मनात म्हणून बघितला. तो नवऱ्याला लागू होईना. मग पायी फिरणं आठवलं. मुलीला शाळेच्या सहलीच्या बसवर सोडायला जायचे ते, तेव्हा ड्रायव्हरशी दहा मिनिटं बोलून मगच परतायचे. बाई चिडायच्या, काय एवढं बोलायचं असतं? आता कळलं, ते विचारत असणार, झोप झालीय का तुमची. एकेक गोष्ट आठवायची आणि उलटी होऊन समोर यायची. गल्लीला माहीत नसेल, पण नणंदेला माहीत, तिच्या नवऱ्याला माहीत, ज्या कंत्राटदाराने मीटरचं काम दिलं त्याला माहीत. घरात येणाऱ्याजाणाऱ्या अर्ध्या माणसांना माहीत. ज्या बाईने त्यांच्या शेजारी एकतीस वर्षं काढली, तिलाच तेवढं माहीत नाही.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मीटरवाले टेबलावर हरभरे पसरून खडे निवडत होते, उद्याच्या सकाळसाठी. बाईंनी चप्पलही काढली नाही.

"मी ताईंकडे जाऊन आले."

त्यांनी एकदा बघितलं. "गुडघे कसे आहेत तिचे?"

"तिने सांगितलं मला. गाडीचं. आणि नंतरचं."

मीटरवाल्यांनी मान डोलावली. ते घाबरले नाहीत. उलट त्यांचे खांदे सैल पडले, एखादं जड पोतं कुणी मागून हळूच उचलून घ्यावं तसे.

"बरं झालं तूच विषय काढलास," ते म्हणाले. "मला कधीपासून बोलायचं होतं. तू एकदाही, भांडणातसुद्धा, तोंडातून शब्द काढला नाहीस. आपली इतकी भांडणं झाली. मी वाट बघायचो, आता म्हणेल, आता म्हणेल. आणि तू त्या गिऱ्हाइकांपुढे मिठाच्या डब्याची चेष्टा करून माझी बाजू सावरायचीस. कुणाला शंकाही येऊ दिली नाहीस. मी त्या खुर्चीत बसून दर वेळी मनात तुझे पाय धरायचो. खरंच सांगतो."

बाईंनी डाव्या हाताने खुर्ची ओढली. सासूबाईंच्या लबाडीचा धक्का मोठा होता, पण हा त्याहून मोठा. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. जे मानलंय ते मानू द्यावं. चांगलं तर मानलंय. पण गप्प बसण्यामुळेच तर हे सगळं झालं होतं.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काहीच. मला आज कळलं. तासाभरापूर्वी."

मीटरवाले हसले. चेष्टा वाटली त्यांना. मग हसू थांबलं. "असं कसं? पहिल्या वर्षी मी विचारलं होतं तुला. आईने सांगितलंय ना? तर तू म्हणालीस, हो, सांगितलंय, तो विषय नकोच."

"मला वाटलं, तुम्ही स्वयंपाकघरात न येण्याबद्दल बोलताय."

त्यांच्या ओंजळीतले हरभरे टेबलावर सांडले आणि घरंगळत खाली गेले. ते उठले, पुन्हा बसले. साठीचा माणूस एखाद्या हरवलेल्या पोरासारखा खोलीत इकडेतिकडे बघायला लागला. एकतीस वर्षं जी क्षमा आपल्याला मिळाली असं ते समजत होते, ती कुणी दिलीच नव्हती.

"म्हणजे तू... तू माझ्याशी..."

"मी एका मीटरवाल्याशी लग्न केलं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला तो त्यांनी चढू दिला. "माझं मी ठरवलं असतं! हो म्हणायचं की नाही, ते माझ्यावर सोडायला हवं होतं. आईंनी फसवलं ते फसवलं, पण तुम्ही? एकदा पुरतं वाक्य बोलता आलं नाही? एकतीस वर्षांत एक सबंध वाक्य?"

"नाही आलं," मीटरवाले म्हणाले. "आईने सांगितलंय म्हटल्यावर मला बरं वाटलं. मला बोलावं लागणार नव्हतं ना. ते चुकलंच."

बाईंना वाटलं होतं ते बाजू मांडतील, सासूबाईंवर ढकलतील. त्यांनी काहीच ढकललं नाही.

गल्लीत कुणीतरी दुचाकी सुरू केली, ती तीनदा बंद पडली. मग बाईंनी विचारलं, "त्या माळ्याचं नाव काय होतं?"

मीटरवाल्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट. ते अडखळले नाहीत. हा माणूस ते नाव रोज मनात घेत असणार, हे बाईंना त्या क्षणी समजलं. कुणाचंतरी मरण इतकी वर्षं आपल्या घरात राहत होतं आणि आपण त्याच्या आजूबाजूला कपडे बेतत होतो.

पुढचे आठ दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलल्या. न्याहारी मात्र सातला येत राहिली. एका सकाळी त्यांनी ताट परत सरकवलं, नको म्हणाल्या. मीटरवाल्यांनी आग्रह केला नाही, झाकून ठेवलं. दहा वाजता भुकेने बाईंनी ते गार झालेलं खाल्लं आणि स्वतःवरच चिडल्या.

नवव्या दिवशी त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. "तिथलं सांगा," म्हणाल्या. "शिकवलं कुणी?"

मीटरवाले दूध पावडर पाण्यात कालवत होते. हात न थांबवता ते बोलायला लागले. मुदपाकाचा मुख्य एक म्हातारा कैदी होता, सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. कोठारात कधी भरड धान्य, कधी नुसते वाटाणे, कधी किडकं पीठ. वस्ताद म्हणायचा, काय नाही ते मोजू नका, काय आहे ते काढा. सकाळी पोटात गरम गेलं तर माणूस दुपारपर्यंत भांडत नाही. "मी पहिले सहा महिने कुणाशी बोललो नाही," मीटरवाले म्हणाले. "नुसतं वाढायचो. पावणेतीनशे ताटं. समोर आलेल्या प्रत्येकाला बघून वाटायचं, एक ताट कमी आहे, ते माझ्यामुळे."

एवढं बोलून ते थांबले. बाईंनी डाव्या हाताने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. उभ्याने खाऊ नका माझ्यासमोर."

ते बसले.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मुलगी आली. आधी ठरलं होतं तसं मीटरवाल्यांनी स्वतःच तिला सांगितलं, सकाळी, टेबलाशी, सगळी वाक्यं पुरी करून. बाई शेजारी बसून मनगट चोळत होत्या. मुलगी आधी बापाकडे, मग आईकडे बघत राहिली.

"आई, तुला हे माहीत होतं?"

"महिनाभरापासून."

"आणि आधी माहीत असतं तर?"

मीटरवाल्यांचा हात ताटावर थांबला. हा प्रश्न त्यांनीही एकदा विचारला होता आणि बाईंनी उत्तर दिलं नव्हतं.

"मला नाही सांगता येत," टेलरबाई म्हणाल्या. "तेव्हा मी काय म्हणाले असते ते मला खरंच माहीत नाही. तेवीस वर्षांची होते. कदाचित नाही म्हटलं असतं."

मीटरवाल्यांनी मान हलवली. मुलगी ताट तसंच टाकून उठली आणि अंगणात गेली. खिडकीतून ती दिसत होती, नळापाशी पाठमोरी उभी, हात स्वतःभोवती आवळलेले. बाई उठायला लागल्या, तर मीटरवाले म्हणाले, "राहू दे तिला."

पाव तासाने ती आत आली. डोळे लाल होते. कुणाकडे न बघता खुर्चीत बसली, ताट ओढलं आणि गार झालेले हरभरे खाऊ लागली. अर्धे संपल्यावर तिने विचारलं, "लिंबू आहे का अजून?"

मीटरवाले लिंबू आणायला उठले.